काम पूर्ण करायला शिकवणारे उस्ताद : डॉ. झाकीर हुसेन

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की शिक्षकांच्या टेबलावर प्रकल्पांच्या फायलींचा ढीग लागतो. मागच्या वर्षी आम्ही सातवीच्या मुलांना 'आपल्या घरातील पाणी' असा विषय दिला होता. फायली आल्या. रंगीत कव्हर, चमकी, कॉम्प्युटरवरून काढलेली छापील पाने, नद्यांचे आणि धरणांचे फोटो. सगळे देखणे. एका मुलाची फाईल तर इतकी सुंदर होती की आम्ही ती सगळ्या वर्गाला दाखवली. मग त्याला सहज विचारले, तुझ्या घरी पाणी किती वाजता येतं रे? तो गप्प. बरं, फाईलमध्ये काय लिहिलंय ते दोन वाक्यांत सांग. तो आणखीच गप्प. शेवटी बाकावर शेजारी बसणाऱ्याने सांगून टाकले, की फाईल त्याच्या आपाने रात्री जागून केली आहे आणि छापील पाने नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून आणली आहेत.

वर्ग हसला. आम्ही रागावलो. पण खरं सांगायचं तर त्या फाईलवर पैकीच्या पैकी गुण आम्हीच दिले होते. आतली पाने न वाचता, कव्हर बघून. मुलाने काम केले नव्हते हे खरे, पण आम्ही तरी कुठे केले होते?

त्या रात्री आम्ही कपाटातून 'तालीमी खुतबात' बाहेर काढले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या शिक्षणावरील भाषणांचे हे उर्दू पुस्तक बी.एड.च्या वर्षी परीक्षेपुरते चाळले होते. नीट वाचले नव्हते. या वेळी वाचले, आणि मग त्या माणसाचे आयुष्यही पुन्हा नव्याने समजून घ्यावेसे वाटले. आपल्या घरांमध्ये झाकीर हुसेन म्हटले की देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती एवढेच आठवते. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत एक गुण मिळवून देणारे नाव. पण राष्ट्रपती ते आयुष्याची शेवटची दोनच वर्षे होते. त्याआधीची पस्तीसहून अधिक वर्षे त्यांनी तालीम या एकाच कामाला दिली. हाती घेतलेले काम मन लावून करायचे, पूर्ण करायचे आणि मग ते कसे झाले हे स्वतःच तपासायचे, हे ते मुलांना शिकवत राहिले. आज आपल्या मुलांना याचीच गरज आहे असे आम्हाला वाटते, म्हणून हा लेख.

हैदराबाद, कायमगंज, इटावा

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, आफ्रिदी पठाणांचे. वालिद फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करत. त्यांनी तिथे चांगला जम बसवला होता. सात भावांमध्ये झाकीर तिसरे. ते दहा वर्षांचे असताना वालिदांचा इंतकाल झाला. मग आई मुलांना घेऊन कायमगंजला परतली आणि झाकीर यांना इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. १९११ मध्ये प्लेगची साथ आली आणि त्या साथीत आईही गेली. चौदा वर्षांचा मुलगा, घरापासून दूर, डोक्यावर ना बापाचा हात ना आईचा.

इटाव्याच्या शाळेचे मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन शिस्तीचे पक्के आणि राहणीने अगदी साधे. त्यांचा ठसा झाकीर यांच्यावर कायमचा उमटला. सुट्टीत कायमगंजला आले की तिथे दुसरे एक उस्ताद भेटत, हसन शाह नावाचे सूफी बुजुर्ग. त्यांना किताबांचे फार वेड. विकत घेण्याची ऐपत नसलेली पुस्तके कुणाकडून तरी मागून आणायची आणि हाताने उतरवून घ्यायची, असा त्यांचा शिरस्ता. हे उतरवण्याचे काम त्यांनी झाकीर यांनाही लावले. आजची मुले याला पनिशमेंट म्हणतील. पण पुस्तक हाताने उतरवताना एकेक शब्द नजरेखालून जातो, अक्षराला वळण लागते, चूक झाली तर ओळ पुन्हा लिहावी लागते. कंटाळवाणे काम निष्ठेने करण्याची सवय पोराला लागली ती अशी. फोनवर फोटो काढून घेणे आणि उतरवून घेणे, यातला फरक आम्ही आमच्या वर्गात रोज पाहतो.

अलीगढ आणि एक निर्णय

१९१३ मध्ये झाकीर अलीगढच्या एम.ए.ओ. कॉलेजात दाखल झाले. डॉक्टर व्हायचे मनात होते, त्यासाठी लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात प्रवेशही घेतला. पण आजारपणाने ते वर्ष वाया गेले आणि ते पुन्हा अलीगढला आले. आपल्याकडे मुलगा नीटमध्ये राहिला की घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते. झाकीर यांनी वाट बदलली, इंग्रजी साहित्य, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र हे विषय घेऊन १९१८ मध्ये बी.ए. केले. मित्र त्यांना मुर्शिद म्हणत. विशीतल्या पोराला असे नाव मिळावे, यावरून सोबतच्यांमध्ये त्यांचा मान काय होता ते कळते.

१९२० च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. असहकाराचे दिवस होते. सरकारी मदतीवर चालणारी कॉलेजे सोडा, असे आवाहन झाले. झाकीर तेव्हा एम.ए. आणि कायद्याचा अभ्यास करत होते, शिवाय कॉलेजात शिकवतही होते. पुढची वाट मोकळी होती, नोकरी समोर होती. पण नुसते कॉलेज सोडून घरी बसायचे हे त्यांना पटेना. सोडायचे तर त्याजागी आपले काहीतरी उभे करायला हवे. ते दिल्लीला जाऊन हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी, मौलाना मुहम्मद अली यांना भेटले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची पायाभरणी शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते झाली. तंबूंमध्ये वर्ग सुरू झाले. तेवीस वर्षांच्या झाकीर यांनी स्वतःच्या अंगावर काम घेतले ते हे. हे काम त्यांनी पुढे अट्ठावीस वर्षे सोडले नाही.

बर्लिनमध्ये खिळे जुळवणारा विद्यार्थी

१९२२ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात वर्नर सोम्बार्ट या नामवंत अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली भारतातील शेती व्यवस्थेवर प्रबंध लिहून १९२६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण बर्लिनमधली त्यांची आणखी एक गोष्ट आम्हाला वर्गात सांगायला फार आवडते. मिर्झा गालिब यांचा दीवान सुबक छापून काढावा असे त्यांच्या मनात आले. बर्लिनमध्ये काव्यानी नावाचा छापखाना होता, तिथे फारसी लिपीची छपाई होई. पण खिळे जुळवणारी माणसे कमी. मग झाकीर यांनी ते काम शिकून घेतले आणि स्वतः उभे राहून खिळे जुळवले. तो छोटेखानी देखणा दीवान उर्दू पुस्तकप्रेमी आजही जपून ठेवतात. पीएच.डी. करणारा माणूस छापखान्यात हात काळे करतो, आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही!

त्याच काळात ते जर्मन शिक्षणतज्ज्ञ गेऑर्ग केर्शेनस्टायनर यांच्या विचारांशी परिचित झाले. शाळेत हाताने केलेल्या कामातून मन आणि चारित्र्य कसे घडते, याचा केर्शेनस्टायनर यांनी म्युनिक शहरात मोठा प्रयोग केला होता.

इकडे जामियाची अवस्था बिकट झाली होती. खिलाफत चळवळ ओसरली, पैसा आटला आणि संस्था बंद करावी असे बोलणे सुरू झाले. बर्लिनमध्ये ही बातमी कळताच झाकीर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या तिघा मित्रांनी कळवले की जामिया बंद करू नका, आम्ही येऊन तिचे काम करतो. हकीम अजमल खान यांनी १९२५ मध्ये जामिया अलीगढहून दिल्लीला, करोलबागेत आणली. १९२६ च्या सुरुवातीला तिघे मित्र परतले. झाकीर हुसेन शेखुल जामिया म्हणजे कुलगुरू झाले, तेव्हा त्यांचे वय होते २९ वर्षे.

कामाच्या चार पायऱ्या

आता आमच्या मुद्द्यावर येतो. झाकीर साहेबांनी आपल्या भाषणांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा हाताळला. सगळ्याच कामातून शिक्षण मिळते का? त्यांचे उत्तर होते, नाही. घाण्याचा बैलही काम करतो. कुणीतरी हुकूम सोडला म्हणून, डोके बाजूला ठेवून केलेल्या कामातून माणूस घडत नाही. काम शिकवते कधी, तर त्याच्या चार पायऱ्या मूल स्वतः चढते तेव्हा.

पहिली पायरी, काय करायचे आहे याचे चित्र मनात स्पष्ट करणे. दुसरी, ते कसे करायचे, काय लागेल, आधी काय आणि नंतर काय, याचा विचार. तिसरी, प्रत्यक्ष हाताने करणे. आणि चौथी, काम झाल्यावर ते ठरवल्याप्रमाणे झाले का हे स्वतः तपासणे. कुठे चुकले, कुठे कमी पडले, पुन्हा केले तर काय बदलू.

आमच्या वर्गातली ती फाईल या चार पायऱ्यांवर ठेवून बघा. पहिली पायरी आम्ही शिक्षकांनी चढली, विषय आम्ही दिला. दुसरी आपाने. तिसरी झेरॉक्सवाल्याने. चौथी कुणीच नाही. त्या सगळ्यात मूल कुठे होते? फाईल शाळेपर्यंत वाहून आणण्यापुरते.

झाकीर साहेब आणखी एक पाऊल पुढे जात. काम कितीही सफाईने केले, पण ते फक्त स्वतःच्या फायद्यापुरते असेल तर त्याला ते खऱ्या अर्थाने तालीम म्हणत नसत. हुशारी लबाडाकडेही असते. आपल्यापेक्षा मोठ्या कशासाठी तरी, दुसऱ्याच्या उपयोगासाठी, सचोटीने केलेल्या कामातून चारित्र्य घडते असे त्यांचे म्हणणे होते. आपण घरात ज्याला अमानत म्हणतो, तीच ही भावना. दिलेले काम म्हणजे अमानत.

करोलबाग ते ओखला

बोलणे सोपे असते. जामियात त्यांनी हे करून दाखवले. १९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खान यांचा इंतकाल झाला आणि पैशाचा मोठा आधारच गेला. तेव्हा झाकीर साहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शपथ घेतली, की वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. दीडशे ही मर्यादा होती, हातात पडणारी रक्कम त्याहून बरीच कमी असे आणि तीही वेळेवर पडेल याचा भरवसा नसे. त्यात इंग्रज सरकारची मान्यता नसल्यामुळे जामियाच्या पदवीवर सरकारी नोकरी मिळत नव्हती. म्हणजे तिथे शिकणाऱ्या मुलाजवळ दाखवायला शिक्क्याचा कागद नव्हता. जे काही दाखवायचे ते स्वतःच्या कामातून.

जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली नावाचे शिक्षक होते. प्रकल्प पद्धत त्यांनी तिथे रुजवली. मुलांची बँक होती, मुलांचे दुकान होते. हिशेब मुले ठेवत. दुकानाचा हिशेब जुळला नाही तर वहीवर लाल शेरा मारून भागत नसे, चूक शोधून काढावी लागे, कारण गल्ल्यात पैसे खरोखरच कमी असत. बेरीज-वजाबाकी अशी शिकली की विसरत नाही. बर्लिनमध्ये ओळख झालेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन ज्यू बाईही जामियात आल्या, लहान मुलांच्या वसतिगृहाचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि मुलांच्या आपाजान झाल्या. १९४३ मध्ये त्या वारल्या. त्यांची कबर जामियाच्या कब्रस्तानातच आहे.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. एवढ्या मोठ्या संस्थेचा दगड बसवायला कुणी नवाब किंवा नेता बोलावता आला असता. पण तो बसवला शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने, अब्दुल अजीज नावाच्या मुलाने.

झाकीर साहेबांच्या दोन गोष्टी जामियावाले अजूनही सांगतात. पहिली बुटांची. मुलांनी बूट स्वच्छ, पॉलिश करून यावे अशी सूचना वारंवार दिली गेली, पण मुले काही ऐकेनात. एका सकाळी मुलांनी पाहिले तर फाटकाशी पॉलिशची डबी आणि ब्रश घेऊन स्वतः कुलगुरू बसलेले. ज्याचे बूट मळलेले त्याने पाय पुढे करायचा. मुले शरमेने पाणी पाणी झाली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सूचना द्यावी लागली नाही. आम्ही शिक्षक डायरीत शेरे लिहून लिहून थकतो, त्यांनी एकही शेरा लिहिला नाही.

दुसरी गोष्ट सांगताना गळा दाटून येतो. शाळेत मुलांना मिठाई वाटण्याचा कार्यक्रम चालू होता आणि झाकीर साहेब आपल्या हाताने मिठाई देत होते. त्यांची चिमुकली मुलगी रेहाना घरी आजारी होती. इतक्यात शिपाई आला आणि हळूच कानात सांगून गेला की रेहाना गेली. त्यांचा चेहरा उतरला. पण हात थांबला नाही. रांगेतल्या शेवटच्या मुलापर्यंत मिठाई पोचली, तेव्हा ते घरी जायला निघाले. मुले इतकी आनंदात होती की त्यांचा आनंद मोडावा असे त्यांना वाटले नाही.

आम्ही स्वतः आई-बाप आहोत. त्यांच्या जागी आम्हाला हे जमले नसते, आणि कुणाला जमावे असा आग्रहही नाही. बेगम शाहजहान यांनी त्या घटका घरी एकट्याने कशा काढल्या असतील, हेही मनात येतेच. पण या प्रसंगातून एक कळते. समोरच्या लहान मुलांचे ते काम त्यांना किरकोळ वाटत नव्हते. झाकीर साहेबांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, त्या रुकय्या रेहाना या नावाने छापून येत. गेलेल्या लेकीचे नाव त्यांनी असे जपले. त्यातली 'अब्बू खान की बकरी' उर्दू शाळेत शिकलेल्या अनेकांना आठवत असेल. बकरीला ठाऊक असते की लांडग्यापुढे आपला निभाव लागणार नाही, तरी ती रात्रभर लढते. हरणे-जिंकणे अल्लाहच्या हाती, आपल्या हाती आपला प्रयत्न.

वर्ध्याला मिळालेला गृहपाठ

आपल्या महाराष्ट्राचा आणि झाकीर साहेबांचा मोठा संबंध आहे तो वर्ध्यामुळे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथल्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. मुलांचे शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे आणि मुलांनी बनवलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, अशी गांधीजींची कल्पना होती. झाकीर साहेब गांधीजींना फार मानत. तरीही भर परिषदेत उठून त्यांनी स्पष्ट सांगितले, की हातकामातून शिक्षण ही कल्पना शिक्षणाच्या जगात नवी नाही, आणि खर्च भागवण्यावर जोर दिला तर शिक्षक मुलांकडून गुलामासारखे काम करून घेतील अशी भीती आहे.

आपल्याकडे मोठ्यांपुढे असे बोलले की उद्धट ठरवतात. गांधीजींनी काय केले? योजनेचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी झाकीर साहेबांनाच दिले. ज्याने चूक दाखवली त्याच्याच हाती काम. समितीत विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, के. जी. सैयदैन अशी माणसे होती. मते सगळ्यांची वेगवेगळी. तरी २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल गांधीजींच्या हाती होता, म्हणजे अवघ्या चाळीस दिवसांत. आज समित्यांना मुदतवाढीवर मुदतवाढ मिळते, त्या जमान्यात हे ऐकायलाही नवल वाटते.

अहवाल मोघम नव्हता. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, ७ ते १४ वयापर्यंत, मातृभाषेतून. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला आणि त्याच्याशी जोडून भाषा, गणित, समाजशास्त्र, विज्ञान. सूत कातायचे तर कापूस कुठे पिकतो हा भूगोल, किती तार निघाली हे गणित. पुढे हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला, सेवाग्रामहून त्याचे काम चाले आणि अध्यक्ष झाकीर साहेब होते.

या योजनेवर टीकाही कडक झाली. मुस्लिम लीगने तिला विरोध केला. दीनी तालीमला अभ्यासक्रमात जागा नाही, अशी खंत अनेक मुस्लिम घरांमध्ये होती. त्या वेळी समाजातूनच त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. ते काम करत राहिले.

आगीच्या दिवसांत

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाला पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा झाला. देशात दंगली पेटलेल्या. अशा वेळी नेहरू, मौलाना आझाद, जिना, लियाकत अली खान ही परस्परांशी न बोलणारी माणसे झाकीर साहेबांनी एका मंचावर आणून बसवली. ही आग विझवा, कोणी लावली याचा शोध नंतर घ्या, मुलांना जगवा, अशा आशयाची विनवणी त्यांनी सर्वांना केली. आग विझली नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये प्रवासात जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना जवळजवळ मारलेच होते. एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे कर्मचारी मध्ये पडले म्हणून ते वाचले. दिल्लीत करोलबागेतला मकतबा जामियाचा पुस्तकांचा साठा जाळला गेला. वीस वर्षांची मेहनत राख झाली. सात भावांपैकी महमूद हुसेन पाकिस्तानात गेले. झाकीर साहेब इथेच थांबले, कारण काम इथे होते.

१९४८ मध्ये त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू करण्यात आले. फाळणीनंतर अलीगढकडे संशयाने पाहिले जात होते, विद्यार्थी आणि शिक्षक बिथरलेले होते. १९५६ पर्यंत त्यांनी ते विद्यापीठ सावरले. त्यानंतर बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. दफन झाले ते जामियातच, जिथली मुले त्यांनी वाढवली त्यांच्याजवळ.

स्वतःच्या कामाला दिलेले गुण

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. बुनियादी तालीमची योजना झाकीर साहेबांच्या नावाने ओळखली जाई. स्वातंत्र्यानंतर ठिकठिकाणी बुनियादी शाळा निघाल्या, सरकारी कागदांवर आकडे वाढले. दुसरा कोणी असता तर सत्कार घेत फिरला असता. झाकीर साहेबांनी मात्र जाहीरपणे सांगितले, की बुनियादी तालीमच्या नावाखाली प्रत्यक्षात जे चालले आहे ती फसवणूक आहे. टकळी फिरते आहे पण डोके फिरत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. स्वतःच्या हयातभराच्या कामाला कमी गुण द्यायला केवढे मन लागते! चौथी पायरी म्हणतात ती हीच. मुलांना सांगितलेली पायरी ते स्वतः चढले.

हे वाचले आणि आम्हाला ती सातवीची फाईल पुन्हा आठवली. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन आम्ही मुलांना सांगितले, की चूक आमचीही होती, आम्ही न वाचता गुण दिले. मग सगळ्यांच्या फायली परत केल्या. विषय तोच ठेवला, पण आठ दिवस घरात पाणी किती वाजता येते, किती हंडे-बादल्या भरल्या जातात आणि ते कुठे कुठे वापरले जाते, एवढेच लिहून आणायचे. साध्या वहीच्या पानावर, स्वतःच्या अक्षरात. आणि शेवटी एक पान वेगळे, त्यावर तीन ओळी : काय करायचे ठरवले होते, काय झाले, काय राहून गेले. त्या पानाला गुण सर्वांत जास्त.

अब्बा-अम्मींनाही आम्ही कळवले. मुलाला मदत जरूर करा. बादली मोजायला सोबत उभे राहा, अडले तर विचारा की तुला काय वाटतं. पण पेन हातात घेऊ नका. वाकड्या अक्षरातले काम चालेल. आपाचे सुंदर काम चालणार नाही. दोन-तीन घरांतून नाराजीचे फोन आले, गुण कमी झाले तर काय, म्हणून. त्यांची काळजी आम्हाला कळते. आजच्या स्पर्धेत एकेक गुण मोलाचा वाटतो. पण दहावीच्या परीक्षेला आपा बसणार नाही, आणि नोकरीच्या जागी झेरॉक्सवाला येणार नाही.

तो मुलगा आठ दिवसांनी वही घेऊन आला. पान चुरगळलेले, एका जागी पाण्याचा डाग. बेरीज एके ठिकाणी चुकलेली. शेवटच्या पानावर त्याने लिहिले होते, की आठही दिवस मोजायचे ठरवले होते, पण जुम्म्याच्या दिवशी तो नानीकडे गेल्यामुळे मोजता आले नाही, म्हणून सातच दिवसांचे आकडे आहेत. वाटले असते तर आठव्या दिवसाचा आकडा तो मनाने टाकू शकला असता. कुणाला कळलेही नसते.

या वेळी आम्ही सगळी पाने वाचली. चुकलेल्या बेरजेचा एक गुण कापला आणि वही त्याच्या हातात दिली. त्याने ती बेरीज तिथेच उभ्या उभ्या पुन्हा केली.